वेल्ह्याचं घासलेलं विमान

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा एसटीचं तिकीट किती होतं ते विचारू नका. आठवत नाही, आणि आठवलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. रस्ता मात्र सांगते.

मी पुण्यात टेलिफोन ऑपरेटर होते आणि रशियन प्रवासी विमानांच्या ओतीव धातूच्या प्रतिकृती जमवायचे. नुसत्या जमवत नव्हते, सुधारतही होते. कारखान्याचा जाड रंग खरवडायचा, सांध्यावरची धार कानशीनं घासायची, छत्रीच्या काडीचे पाय बसवायचे, सुईच्या टोकानं एकेक खिडकी रंगवायची. आमच्या संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना हे अजिबात खपत नसे. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात मला जागा मिळणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "विमानांना पावडर-कुंकू लावलंय तुम्ही. मूळ रंगातलं एक तरी आणा, मग टेबल देतो." असा संताप झाला! आणतेच, म्हटलं.

ऑफिसातल्या शिंद्यांनी सांगितलं, भोरला त्यांच्या रामभाऊमामांकडे एक रशियन विमान आहे, पंखांच्या मुळाशी दोन जेट असलेलं, अगदी नवं कोरं. म्हणजे टीयू-१०४! दसरा नुकताच झाला होता. अदलाबदलीसाठी माझं सर्वांत देखणं आयएल-१८ बिस्किटांच्या डब्यात घालून मी स्वारगेटहून निघाले. एकटीच. घरच्यांना वाटलं मैत्रिणीकडे चाललेय, मी त्यांना वाटू दिलं.

कापूरहोळला गाडी गॅरेजांच्या रांगेसमोर बराच वेळ उभी राहिली. तिथली कांदाभजी जरूर खा, चहा मात्र टाळा. भोरला मामांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण सूप पाखडत म्हणाली, "ते गेलं की भात कापाया, वेल्ह्याकडं गावी."

"आणि विमान?"

"ते बी न्हेलं. सणाला न्हेत्यातच."

भोरहून वेल्ह्याला थेट गाडी नव्हती. उलटं येऊन नसरापूरच्या फाट्यावर उतरायचं आणि वेल्ह्याच्या एसटीची वाट बघायची. गाडी आली ती कोंबड्यांसकट भरून. वेल्ह्याला उतरून पुढं विचारत विचारत बांधाबांधानं चालले. डावीकडे तोरणा, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, चपलेचा अंगठा तुटलेला. तरी मी खुशीत होते.

रामभाऊ खळ्यावर होते. लांबच्या पोलाद कारखान्यात ते रशियन फोरमनच्या हाताखाली होते. मायदेशी परतताना त्यानं ते विमान यांच्या हातात ठेवलं होतं. मामी, म्हणजे अनसूयाबाई, ते आतून घेऊन आल्या. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. रंगाचा ठिपकाही नव्हता. नुसता करडा, ठिकठिकाणी खडबडीत झालेला धातू.

"दर खंडेनवमीला कोयता-विळ्यासंगं पुजतो," मामी कौतुकानं म्हणाल्या. "चिंच आन् राख. ती निळी पट्टी तर लई चिवट व्हती, दोन दसरं गेलं तिच्यात!"

"अहो मामी, रंग होता तो!"

"रंगाखाली मळ धरतोय की. तुमच्या डब्यात काय हाय?"

मी आयएल-१८ दाखवलं. मूळचा रंग खरवडून पुन्हा रंगवलंय, असंही सांगितलं. मामी खो-खो हसायला लागल्या. "म्हंजी तुमी बी घासताच की!"

मला आधी राग आला, मग हसू आलं. मग नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण खाता खाता अध्यक्षांची सगळी हकीकत सांगून टाकली.

"त्यांनी स्वताच्या हातानं कंदी एक तरी इमान घासलंय का?"

"नाही. काचेच्या कपाटात ठेवतात."

"मंग गप बसाया सांगा त्यांना." मामींनी विमान फडक्यात गुंडाळलं. "दावायला न्या. बदली न्हाई द्यायचं, आन् रंगवायचं बी न्हाई. जसंय तसं मांडा, आन् कुनी घासलं म्हून इचारलं तर माजं नाव सांगा."

रामभाऊ मान डोलावून पुन्हा भात झोडपायला गेले.

परतीच्या एसटीत मोह झाला, खोटं कशाला बोलू? निळा रंग घरी होता. तीन-चार संध्याकाळी बसले असते, तर असं मूळ रंगातलं विमान केलं असतं की अध्यक्षांनी स्वतः टेबल पुसून दिलं असतं. पण मग पुन्हा त्यांच्याच तोंडाकडे बघत बसायचं. नाही केलं.

प्रदर्शनाच्या सकाळी माझं रंगवलेलं आणि मामींचं घासलेलं, दोन्ही विमानं न विचारताच एका रिकाम्या टेबलावर मांडली. अध्यक्ष म्हणाले, "हे भंगार आधी उचला." मी दोन्ही उचलली आणि सभागृहाच्या अरुंद दारातच स्टुलावर मांडली.

तेव्हापासून टीयू-१०४ माझ्या संग्रहात कधीच आलं नाही. मामींचं विमान पुढच्याच रविवारी वेल्ह्याला पोचवलं, आणि त्यानंतर कुठल्या प्रदर्शनासाठी कुणाची परवानगी मागायची सवय माझी कायमची गेली. वेल्ह्याला जाणाऱ्यांनी तोरणा जरूर चढावा. मी अजून चढलेले नाही, मला तिथं दुसरी कामं असायची.

प्रदर्शनाच्या त्या दिवशी दारातून आत जाणारा जवळजवळ प्रत्येक जण थांबला. "हे कुणी रंगवलं?" "मी." "आणि हे?" "हे वेल्ह्याच्या अनसूयाबाईंनी घासलंय." घसा बसेपर्यंत सांगितलं. संध्याकाळी अध्यक्ष बाहेर पडायला आले आणि स्टूल हलवण्याची वाट बघत उभे राहिले. मी हलवलं नाही. शेवटी अंग चोरून, भिंतीला घासत त्यांना बाहेर पडावं लागलं.