वेश बदललेलं युरिडीन

करोनाची लस आली त्या उन्हाळ्यात मी माझी जीभ आवरली असती तर एका बाईचं डोकं फुटलं नसतं. मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कॉलेज बंद होतं म्हणून धुळ्याजवळच्या आमच्या गावी नानांकडे राहत होतो. नाना माझे काका. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. वय सत्तरीच्या पुढे, त्यात साखरेचा त्रास. त्यांच्या बरोबरीची माणसं पटापट जात होती आणि नाना लस घ्यायला तयार नव्हते. मी पंधरा दिवस त्यांच्या मागे लागलो होतो.

शेवटी ते शाळेच्या ओट्यावर आले. सिस्टर बर्फाची पेटी घेऊन बसली होती. "हात सैल सोडा, मुंगी चावल्यासारखं होईल," एवढंच ती सांगायची आणि लोक मुकाट्याने टोचून घेत होते. नानांच्या पुढे दोघंच उरले असताना लशीत काय असतं म्हणून कोणीतरी मला विचारलं, "सर, हिच्यामा काय ऱ्हास?" झालं. मास्तरांना वर्ग मिळाला.

मी सुरू झालो. लशीत आरएनएची एक चिठ्ठी असते. परकी चिठ्ठी दिसली की शरीराचे राखणदार तिला ठेचून काढतात. म्हणून शास्त्रज्ञांनी चिठ्ठीतलं युरिडीन नावाचं अक्षर रसायनाने जरा बदललं. वेश बदलला म्हणा ना! राखणदार फसतात आणि चिठ्ठी बिनबोभाट आत जाते. दाखला इतका सोपा साधला म्हणून मी मनातल्या मनात खूश होतो.

"म्हणजे वेस बदलीसन आंगमा घुसस?" मागून एकाने विचारलं.

"अगदी बरोबर!" मी म्हणालो.

त्या आठवड्यात फोनवर एक अफवा फिरत होती. वेश बदलून पोरं पळवणारी टोळी गावागावांत शिरली आहे म्हणे. शेजारच्या गावात एका भंगारवाल्याला झाडाला बांधून बडवलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं.

"हाई बी त्या टोळीनीच शे!" सिस्टरकडे बोट दाखवून कोणीतरी ओरडलं. पहिली लाथ पेटीला बसली. बर्फ आणि कुप्या ओट्यावर विखुरल्या. मग दगड आला. सिस्टरच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं, ती चाचपडत उठायला गेली तर एकाने तिला केसांना धरून खाली ओढलं. कुंपणातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपसून माणसं तिच्यावर तुटून पडली. ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवलं होतं ती माणसं. नाना गर्दीत घुसले आणि तिच्यावर आडवे झाले. त्यांचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण मी तेवढ्या जवळ होतो. मी खांबाला चिकटून उभा होतो. एक पाऊलही पुढे टाकलं नाही. मी भ्यालो होतो.

पोलीस आले तेव्हा ओटा रिकामा होता.

काही दिवसांनी नानांचं प्लास्टर दाखवायला धुळ्याच्या दवाखान्यात गेलो. नाना आपणहून म्हणाले, लस आजच घेऊ. लसीकरणाच्या खोलीत तीच सिस्टर बसली होती, कपाळावर टाके. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"सर," ती सिरिंज भरता भरता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सांगत होतात ती ही लस नाही. तुमची ती चिठ्ठीवाली आमच्याकडे आलीच नव्हती. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

ठाऊक होतं. ओट्यावर बोलतानाही ठाऊक होतं. पण पेटीतली लस दुसऱ्या जातीची, आणि युरिडीनची गोष्ट मी नुकतीच वाचलेली. ती सांगायची मला हौस होती.

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

नानांनी जन्मात माझ्यावर हात उगारला नव्हता. प्लास्टर नसलेल्या हाताने त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी भिंतीवर आदळलो. मग बाही वर करून तोच हात त्यांनी सिस्टरपुढे केला.