बिनकातड्याची मोटार

मी रत्नागिरीत वकिली करत होतो. तीस सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. गावात मोटारी आल्या होत्या, पण त्या साहेबाच्या, डॉक्टरच्या आणि बंद पडलेल्या. आमच्यासारख्याने मोटार घ्यावी असं काही कारण नव्हतं. त्यातून मी जी शोधत होतो ती साधी मोटारही नव्हती. मला राहायची, स्वयंपाक करायची, चाकांवरच्या खोलीसारखी मोटार हवी होती. बाररूममध्ये ही बातमी पसरल्यावर वकील मंडळींनी थट्टेने माझं बिऱ्हाड माझ्या पाठीवर ठेवलं ते पुढे कित्येक महिने खाली उतरवलं नाही.

कारण होती माझी आई. वडील गेल्यापासून ती स्वयंपाकी झाली होती. म्हणजे स्वतःच्या हातचं, सोवळ्यात केलेलं तेवढंच खायचं आणि सोवळ्यात भरलेलं पाणी तेवढंच प्यायचं. सुनेच्या हातचंसुद्धा नाही. प्रवासात विटाळ होतो, तेव्हा प्रवासात तोंडात काहीच घालायचं नाही, फळ नाही की शहाळं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. शास्त्राला विचारलं असतं तर शास्त्र इतकं कडक निघालं नसतं, पण शास्त्राला विचारायची तिला कधी गरज वाटली नाही.

माझी थोरली बहीण दापोलीजवळच्या मुरुडला दिली होती. आदल्या पावसाळ्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ झाली होती आणि दापोलीच्या डॉक्टरांनी माझ्या मेहुण्यांना स्पष्ट सांगितलं होतं की यातून ती उठणार नाही. तिला मात्र हे कळू द्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. थंडी सरली की बरी होशील, असं तिला सांगत. तिला हलवण्यासारखं नव्हतं. ती रोज आईची आठवण काढायची, आणि इथे आई रोज जेवायला बसताना ‘तिने काही खाल्लं असेल का रे’ म्हणून मला विचारायची.

मुरुडला जायचा सरळ रस्ता समुद्रातून. रत्नागिरीला बोटीत बसावं, हर्णैला उतरावं. काही वर्षांपूर्वी आई अशीच निघाली होती, निर्जळी उपास करून. बोट लागली, जयगड येण्याआधीच तिने डोळे पांढरे केले, आणि आम्ही तिला तिथल्या बंदरात उतरवून परत आणलं. पुन्हा उपाशीपोटी प्रवास केलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. राहिला खुष्कीचा मार्ग. संगमेश्वर, चिपळूण, खेड, दापोली, म्हणजे वाटेत दोन मुक्काम. आणि मुक्कामाला आईची चूल कुठून आणायची?

त्याच सुमाराला एका इंजिनियर साहेबाच्या बंगल्यात मी घरमोटार पाहिली. आत बिछाना, स्टोव्ह, हात धुवायचं भांडं. साहेब दौऱ्यावर त्यातच राहायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, “म्हणजे माझी चूल माझ्याबरोबर येईल?” मी म्हटलं, “येईल.” त्या दिवशी तिने दोन घास जास्त खाल्ले.

मी मुंबईच्या एका कंपनीकडे चौकशी केली. दिवाळीनंतर त्यांचा माणूस बोटीने आला. डोक्याला हॅट, काखेत गुळगुळीत कागदाचं चित्रांचं पुस्तक. त्याला मी पडवीत सतरंजीवर बसवलं. आई माजघराच्या दाराआड उभी राहिली. परक्या पुरुषाशी ती थेट बोलत नसे, जे विचारायचं ते माझ्यामार्फत. तो प्रत्येक शब्द ऐकत होता आणि तरी मी प्रत्येक प्रश्न त्याला पुन्हा सांगत होतो. कोर्टात दुभाष्या असतो तसं.

“विचार रे त्यांना, मोरी कुठे आहे.”

त्याने पुस्तक उलटंसुलटं केलं. मोरी चित्रात नव्हती. “विचारून कळवतो,” तो म्हणाला.

“पाणी किती मावतं?” विचारून कळवतो. “चुलीचा धूर कुठून जातो?” विचारून कळवतो. मी विचारलं, दार डाव्या बाजूला आहे की उजव्या? त्याने दोन चित्रं दाखवली, एकात डावीकडे होतं, एकात उजवीकडे. शेवटी त्याने कबूल केलं की ही गाडी त्याने स्वतः अजून पाहिलेली नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो असा.

मग आईने विचारलं, “स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला येतं?”

या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर होतं. खुशीत येऊन तो म्हणाला, “मोटार जिकडे जाईल तिकडे.”

“म्हणजे लांज्याकडे निघालं तर दक्षिणेला,” आई म्हणाली. दक्षिणेकडे तोंड करून आमच्यात कोणी चुलीपुढे बसत नाही. “मुरुड उत्तरेला आहे. जाताना चालेल.”

“आणि येताना गो?” मी विचारलं.

“येताना गाडी आडवी लाव म्हणावं.”

हे जमण्यासारखं होतं. मला वाटलं, चला, गाडं मार्गाला लागलं. त्या गृहस्थालाही तसंच वाटलं असावं, कारण आता त्याने आपणहून बोलायला सुरुवात केली. “आणि आईसाहेबांना सांगा, गाद्या एक नंबर आहेत. अस्सल विलायती वासराचं कातडं! हात लावून बघावं इतकं मऊ.”

रोज जेवणाआधी गाईचा घास काढून ठेवणाऱ्या बाईला वासराच्या कातड्यावर बसवायला निघालेला दुसरा विक्रेता हिंदुस्थानात झाला नसेल. मग मागच्या दारी विहिरीवर रहाट वाजू लागला. आई दुसऱ्यांदा आंघोळीला गेली होती. तो बिचारा मला विचारत होता, रंग कोणता पसंत पडेल? तो गेल्यावर सतरंजी धुवायला पडली.

मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. चपला विकणारासुद्धा गिऱ्हाइकाचा पाय बघतो. हा बोटीत बसून एवढा लांब आला, पण आपण काय विकतो आहोत हे बघून यायचं आणि कोणाला विकतो आहोत हे विचारायचं, यांतलं एकही त्याला सुचलं नाही.

दुसरा विक्रेता कोल्हापूरकडचा. एका अशिलाने गाठ घालून दिली. कोणा सरदारांची शिकारीची मोटार विकायची होती, आत निजायची बाकं होती, स्टोव्हची जागा होती. हा मनुष्य पहिल्याच्या अगदी उलटा. याला सगळं ठाऊक होतं. मी त्याला आधीच सांगून ठेवलं, कातडं चालणार नाही.

“औषधालासुद्धा नाही साहेब. कापडी गाद्या.”

“मोरी?”

“आहे की.”

“चूल?”

“आहे की! नुसती पेटवायची.”

तुळशीवृंदावन आहे का विचारलं असतं तरी ‘आहे की’च आलं असतं. पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी त्याला गाडी घेऊन बोलावलं.

संक्रांतीनंतर तो आंबा घाटाने मोटार घेऊन आला आणि आमच्या अंगणात उभी केली. मागचं दार कसं उघडतं ते त्याला माहीत नव्हतं. तो एकीकडे मला दाराच्या मजबुतीबद्दल सांगत होता आणि दुसरीकडे दाराला धक्के देत होता. शेवटी ड्रायव्हरने येऊन कडी उलटी फिरवली. आत भिंतीला बंदुका अडकवायच्या खोबणी होत्या. हा म्हणाला, काठ्या ठेवायला. छताला मोठाले आकडे होते. शिंकी टांगायला. एका फळीला पेल्यांच्या मापाची गोल भोकं होती. तिच्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “पळी-पंचपात्र ठेवायला.” उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हसू दाबलं, कारण आई आली होती.

ती अंगणात, उजेडात, परक्या माणसासमोर आली याचंच मला नवल वाटलं. पायरी उंच होती. ती माझ्या हाताला धरून चढली. गाद्या चाचपल्या, कापडीच होत्या. खिडकीची झडप उघडली, मिटली. मग बाकावर बसली आणि बाहेर बघू लागली. माडाच्या आळ्यापलीकडे काही दिसण्यासारखं नव्हतं, पण ती बघत होती. तिथे बसल्या बसल्या ती मुरुडला पोचलीसुद्धा होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“तिसऱ्या दिवशी पोचू?” तिने विचारलं.

“दुसऱ्याच, आईसाहेब!” विक्रेता बाहेरून ओरडला.

हात धुवायच्या भांड्यावर पितळी दांडा होता. आईने तो खालीवर केला. भसकन पाणी आलं. तिने हात मागे घेतला. “हे पाणी वर कसं येतं?”

“दांडा हलवला की.”

“आत काय आहे?”

“यंत्र.”

“यंत्रात काय आहे?”

उलटतपासणी कशी करावी हे मी लॉ क्लासात शिकलो, आई कुठे शिकली ते मला ठाऊक नाही. मुंबईला घराघरांत नळ आले तेव्हा नळात चामड्याची चकती असते म्हणून केवढं रणकंदन झालं होतं. तिच्या भावाने नळाचं पाणी पिणं सोडून विहीर धरली होती. ते तिच्या मनात असणार. विक्रेत्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने मोठ्या तोऱ्यात ड्रायव्हरकडून पाना घेतला. “आत्ता खोलून दाखवतो. लपवाछपवी नाही आपल्याकडे.” दांडा निघाला, सळई निघाली, आणि सळईच्या टोकाला एक काळी, ओली, वाटीसारखी चकती त्याच्या तळहातावर आली. त्याने ती वाकवून पाहिली. मग नाकाशी नेली.

“रबर असेल,” तो हळूच म्हणाला.

ते चामडं होतं. त्याच्याइतकं चकित तिथे कोणी झालं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. पण आई खाली उतरली आणि अंगणातच उभी राहिली. “तो पंप काढून टाकायला सांग,” ती म्हणाली. “टाकी चिंचेने घासून घ्या. मी कळशीने ओतून पाणी घेईन. मग चालेल.” एवढी सूट तिने आयुष्यात कोणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

मी विक्रेत्याकडे वळलो. आज, आत्ता, पंप काढून गाडी इथेच ठेवून जा, मी म्हटलं. तो डोकं खाजवू लागला. पंप काढला तर टाकी गळेल का, हे त्याला माहीत नव्हतं. गाडी मोडून विकायची परवानगी सरदारसाहेब देतील का, हेही माहीत नव्हतं. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्या तोंडून शेवटी तेच निघालं, “विचारून कळवतो.” मोटार आल्या वाटेने घाट चढून गेली.

त्याने कळवलं नाही. मी दोनदा निरोप धाडले. माघ संपला. आईने मात्र तयारी करून ठेवली होती. नवी कळशी, वेगळी भांडी, सोवळ्याच्या लोकरी धाबळीचं गाठोडं. रस्त्यावर कुठेही भोंगा वाजला की ती दाराशी येऊन बघायची. तिला तसं बघताना पाहून मला त्या दोन्ही विक्रेत्यांना एकाच टाकीत कोंडावंसं वाटे.

शिमग्याच्या आधी मेहुण्यांचे धाकटे भाऊ बोटीने आले. त्यांनी आम्हां दोघांना बसवून सांगितलं, “आता थांबू नका. आठवडाही सांगता येत नाही.” मी मोटारीबद्दल काहीतरी बोलू लागलो. आईने मला थांबवलं.

“बोट कधी आहे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही पडावात बसून बोटीवर गेलो. तिने गाठोडं घेतलं नव्हतं. डेकवर माणसं दाटीने बसली होती, कोणाचा पाय कोणाला लागत होता. बोट हलू लागली तशी आई पांढरी पडत गेली. शेजारी मासळीच्या टोपल्या घेऊन एक खारवीण बसली होती. तिने आपला तांब्या पुढे केला. “वाईच पानी घे गो आये. तोंड सुकलाय तुजा.” मी तिला थांबवणार होतो. आईने तांब्या घेतला आणि प्यायली. थोड्या वेळाने मला म्हणाली, “चहा मिळतो ना इथे? आण. मला धड पोचायचंय.” मी बोटीवरच्या खानावळीतून टवका गेलेल्या कपात चहा आणला. तिने तो फुंकत फुंकत सगळा संपवला. मी समुद्राकडे बघत उभा राहिलो.

हर्णैला उतरून बैलगाडीने मुरुडला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बहीण खिडकीखाली निजली होती. इतकी वाळली होती की चादरीखाली कोणी आहे असं वाटू नये. आईला पाहून तिचे डोळे भरले, पण बोलली ते घरच्या बाईसारखंच. “उपाशी आलीस ना गो आई? मागच्या पडवीत तुझी वेगळी चूल सारवून घेतलीय. कोणी शिवलेलं नाही. आधी आंघोळ कर, काहीतरी खा, मग बोलू.”

आई प्रवासातल्या लुगड्यानिशी तशीच तिच्या अंथरुणावर जाऊन बसली.

“चूल राहू दे. मी जेवल्यासारखीच आहे. बोटीत पाणी प्यायले, चहा घेतला.”

बहिणीला आधी हसू आलं. आई थट्टा करते आहे असं वाटलं असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“असं होय,” ती म्हणाली. “म्हणजे मी आता बरी होत नाही.”

आईने तिचा हात हातात घेतला. ‘तसं नाही’ म्हणाली नाही.