जावयाचा घोटा

रविवार, १५ डिसेंबर १९५७. थंडी बरीच. दूध उशिरा आलं. दुपारी ह्यांच्याबरोबर मैदानावर गेले. हुतूतूत धुळ्याच्या कॉलेजने आमच्या कॉलेजला एका गुणाने हरवलं. शेजारच्या भारंब्यांची जागा बहुतेक गेली.

तोताराम भारंबे जळगावला आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. ह्यांच्याच कॉलेजात ते व्यायाम शिकवत, पण नेमणूक एकेका वर्षाची. मूळचे यावलकडचे. तरुणपणी स्टेशनावर केळीचे घड मालगाडीच्या वाघिणीत भरलेले, त्यामुळे मान जाड झाली होती. आवाज मात्र बारीक. मुलं त्यांना नाना म्हणत.

प्राचार्यांना मैदान क्रिकेटसाठी हवं होतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं की यंदा धुळ्याला हरवलं तर हुतूतू राहील, आणि भारंबेही राहतील.

बाकीची कॉलेजं चढाईला जाणारा चपळ मुलगा शोधत. भारंबे दांडगी, संथ मुलं गोळा करत. ‘चढाई करणारा टाळ्या खातो, जिंकते ती साखळी,’ असं ते ह्यांना सांगत. साखळी म्हणजे हात धरून उभी राहिलेली रांग. दम धरून आत आलेल्याला तिनं परत जाऊ द्यायचं नाही. वखारीत घड हातोहात पुढे जातो, तसा भारंबे या मुलांना मैदानावर घड फिरवायला लावत. घड आपटला की रांग पुन्हा पहिल्यापासून.

‘मनगट धरा रे, भो. बोटं घामानं निसटतात,’ हे तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई.

‘नाना, केळी कधी खायाची?’

‘पिकल्यावर. तू पिकला का अजून?’

साखळीच्या टोकाला कौतिक असे. तो भारंब्यांच्याच गावचा. वाकून घोटा धरला की त्याच्या हातून कुणी सुटलं नव्हतं. दोन वर्षांत या साखळीनं भुसावळपासून चाळीसगावपर्यंतचे संघ अडवले.

धुळ्याशी सामना अखेरपर्यंत बरोबरीत राहिला. शेवटची चढाई त्यांची. गिरधर नावाचा उंच मुलगा हुतूतू करत आला आणि कौतिकच्या बाजूला वळला. कौतिक वाकला, घोट्याला हात लागला. पुढे तो हात मिटायचा. तो मिटला नाही. वर गेला आणि कपाळाला टेकला.

गिरधर रेषेपार निघून गेला.

लोकांना आधी कळलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, ‘अरे, तो याच्या बहिणीचा नवरा शे.’ वैशाखात लग्न झालं होतं. मांडवात बापाबरोबर कौतिकनंही तेच पाय धुतले होते. मैदानभर हसू पसरलं. आमचे प्राचार्यही हसले आणि घड्याळ पाहून उठले.

भारंबे कौतिकजवळ गेले. ‘पाया पडाचं व्हतं तं घरी पडाचं, भो. मैदानात काहून?’

‘नाना, हात आपसूकच गेला.’

‘दोन वर्षं मी शिकवलं ते नाही गेलं आपसूक.’



प्राचार्यांनी शब्द पाळला. जूनमध्ये मैदानावर रोलर फिरला. भारंबे गावाकडे परतले आणि स्टेशनावर वाघिणी भरणाऱ्यांचे मुकादम झाले. हे एकदा भेटून आले. म्हणाले, प्रकृती बरी आहे, कॉलेजची चौकशी केली नाही.

सामन्याच्या संध्याकाळी कौतिक गिरधरला घेऊन भारंब्यांकडे आला. मी ओट्यावर होते. गिरधर दारातच थांबला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. बेबाबाई, भारंब्यांची बायको, आतून म्हणाली, ‘ज्यानं जागा घालवली त्याले काय चहा देऊ?’

‘चहा कसा? गावची पोरगी दिली शे त्याले,’ भारंबे म्हणाले. ‘गावचा जावई पहिल्यांदा दारात आला. शिरा कर.’ मग त्यांनी बाहेर येऊन स्वतः तांब्या उचलला आणि गिरधरच्या पायावर पाणी घातलं. गिरधर खाली पाहत राहिला. कौतिक भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्या रात्री रोजच्या वहीत शेवटची ओळ लिहिली: बेबाबाईंनी शिऱ्यासाठी तूप नेलं. आमच्याकडे उद्यापुरतं उरलं आहे. लोणी कढवायला हवं.