पेवातली ज्वारी आणि कवितांचं पुस्तक

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, बहुतेक विसरलो. अणदूरच्या बाजूला घडलेली ही एक घटना मात्र अजून मनातून जात नाही.

निजामाचं राज्य होतं, महायुद्ध चालू होतं. मी ठाण्यावर अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होतो. धान्यावर लेव्ही होती. सरकारचा वाटा घातल्याशिवाय ज्वारी साठवणं गुन्हा, आणि ती हद्दीपलीकडं सोलापूरला नेणं त्याहून मोठा गुन्हा. चोऱ्यामाऱ्या बाजूलाच राहायच्या. आमचा दिवस धान्याच्या खबरींत जायचा.

एका सकाळी चाळिशीचा एक शेतकरी ठाण्यात आला. म्हणाला, "आमच्या गावात बांगड्या भरणारा म्हातारा मन्यार हाय. त्याच्या शेळ्यांच्या गोठ्याखाली, गव्हाणीच्या अंगाला पेव हाय. ज्वारीनं भरलंय. सोलापूरला जाणार हाय."

"तुला कसं कळलं?"

"कानावर आलं."

जवान घेऊन गेलो. शेळ्या बाहेर काढल्या, गव्हाणीजवळची माती उकरली, तर फरशी लागली. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार; ते उघडल्याबरोबर आत उतरता येत नाही, आतली हवा माणूस मारते. आम्ही थांबलो, तोवर मन्यार भिंतीला टेकून बसून होता. पंचनामा झाला. ज्वारी सरकारी गोदामात गेली आणि म्हातारा ठाण्यात आला.

"चाचा, तुम्हाला शेत नाही. एवढी ज्वारी कुणाची?"

"माझीच, साहेब. बायामाणसं बांगड्यांच्या बदल्यात दाणेच देतात."

"एवढे?"

"लई वर्षं भरतोय बांगड्या."

ज्वारी सगळी यंदाची होती. म्हणजे तो खोटं बोलत होता, आणि कुणासाठी तरी बोलत होता. तशात जिल्ह्याच्या मोहतमीमसाहेबांचा, म्हणजे आमच्या वरिष्ठांचा, निरोप आला की हे धान्य सरकारविरोधी टोळ्यांसाठी असणार, कसून विचारा. तसं ठरलं असतं तर त्या वयात म्हातारा तुरुंगातून परत आला नसता. मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

मग मी खबरीकडं वळलो. पेवाचं तोंड नेमकं गव्हाणीजवळ आहे, हे कानावर येऊन कळत नाही. ते भरताना हजर असलेल्यालाच ठाऊक असतं. त्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं आणि म्हातारा कोणत्या आरोपात अडकतोय ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"तसलं काय न्हाय, साहेब. ज्वारी पुस्तकासाठी हाय. आमी गावातले काही जण कविता करतो, मन्यारचाचाबी. रोकड कुणाकडंच न्हाय, म्हणून ज्यानंत्यानं ज्वारी दिली. सोलापुरात विकायची अन् तिथंच पुस्तक छापायचं ठरलं."

"मग तू खबर का दिलीस?"

"सगळ्यांच्या घेतल्या. माझी तेवढी काढली."

मी मन्याराला एवढंच म्हणालो, "पुस्तकाचं मला कळलंय." खबर देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नसतो. त्यानंही विचारलं नाही.

"त्याला राग आला आसंल," तो म्हणाला. "लढाईपायी कागदच मिळंना, साहेब. त्याची कविता लांब. ती घेतली तर तिघांच्या गेल्या असत्या. त्याला समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. जीभ रेटली न्हाय. कविता मात्र चांगली हाय त्याची."

मी उर्दूत अहवाल लिहिला की धान्य कवितांच्या पुस्तकासाठी जमवलेलं आहे. वरिष्ठ हसले, पण त्यांनी तो मानला. तहसीलदारांनी म्हाताऱ्याला समज देऊन सोडलं. ज्वारी जप्तच राहिली.

शेतकरी पुन्हा आला. "मी खबर मागं घेतो. ज्वारी द्या त्यांची."

"पंचनामा झालाय," मी म्हणालो. याहून दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या सुटकेच्या दिवशी तो शेतकरी बैलगाडी घेऊन ठाण्यासमोर उभा होता. मन्यार बाहेर आला, त्याच्याकडं पाहत थांबला. मग म्हणाला, "बैलांना आधी पाणी दाव. ऊन लई हाय." आणि गाडीत चढला.

माणूस पैशासाठी किंवा वैरापोटी खबर देतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं. आपल्याच माणसांनी न सांगता वगळलं, म्हणूनही तो ठाण्याची पायरी चढतो, हे मला त्या प्रकरणात कळलं. पुढं मी खबर देणाऱ्याला आधी बसवून घेत असे आणि त्याचं काय दुखतंय ते विचारत असे. कधी उपयोग झाला, पुष्कळदा नाही झाला.

त्यांचं पुस्तक काही निघालं नाही.