लेकीच्या लग्नातला मेळ

कानातला आवाज सुरू झाला तो एका अंत्ययात्रेच्या वेळी. आम्ही तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. तिथले एक म्हातारे गृहस्थ वारले होते. आमच्याकडे प्रेत नेताना पुढे वाद्यं असतात, फुलं उधळतात, फटाके फोडतात. मी फाटकाशी हात जोडून उभी होते. कुणीतरी फेकलेला एक मोठा फटाका माझ्या डाव्या बाजूला भिंतीलगत फुटला. पुढची वाद्यं मला लोकरीतून ऐकू यावीत तशी ऐकू आली. संध्याकाळपर्यंत लोकर गेली आणि तिच्या जागी एक बारीक, तीक्ष्ण शीळ राहिली. ती अजून आहे.

डॉक्टरांनी कान तपासले, यंत्रावर आलेख काढला. "पडदा शाबूत आहे. आतली नस दुखावली आहे. याला औषध नाही, सवय करून घ्या," असं त्यांनी सांगितलं. माणूस चांगला होता. खोटी आशा लावली नाही.

शिळेची सवय एक वेळ झालीही असती. पण अचानक मोठा आवाज झाला की ती चढायची आणि लवकर उतरायची नाही. एक ताट हातून निसटलं की पुढचे दोन-तीन दिवस गेलेच. मी कुकर बंद केला, भात उघड्या पातेल्यात शिजवू लागले. यजमान भांडी फडक्यावर ठेवायला शिकले. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत असे. तासाच्या घंटेआधी मी कानांवर तळवे ठेवून उभी राहायची आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. फोमचे बोळे घातले की बाहेरचा आवाज थांबे, पण आतला सगळं डोकं व्यापून टाके. म्हणजे बोळे घातले तरी पंचाईत, काढले तरी पंचाईत.

अशातच मुलीचं लग्न ठरलं. ती चेन्नईला नोकरी करते. मुलगा कुंभकोणमचा, आमच्यासारख्याच मराठी घरातला. लग्न म्हटलं की सनईसारखं नागस्वरम आणि तविल आलेच. तविल म्हणजे गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. त्याचा कडकडाट शेजारच्या गल्लीत ऐकू जातो. आणि मंगळसूत्र बांधायच्या क्षणी कुणीतरी हात वर करून ओरडतं, "गेट्टीमेळम!" तसा सगळा मेळ, म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा, एकदम सर्व ताकदीनिशी कोसळतो. त्या घडीला शिंक, रडणं, एखादा वाईट शब्द वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून.

मुलगी म्हणाली, "अम्मा, मेळ नकोच. नुसते मंत्र म्हणू."

विहीणबाईंनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेळाशिवाय कसं हो? लोक विचारतील, काय झालं म्हणून."

यजमान म्हणाले, "एका क्षणाचा तर प्रश्न आहे."

त्यांचंही बरोबर होतं. मग मीच तिरुवैयारूला जाऊन तविलवाल्यांना भेटले. पासष्टीचे असतील. ओसरीवर बसून, वाजवताना बोटांना चिकटवायच्या कडक टोप्या साफ करत होते. मी सगळं सांगितलं.

"बाकीचं हळू वाजवतो, अम्मा," ते म्हणाले. "पण गेट्टीमेळम हळू वाजवला तर मुलीचं वाईट केल्यासारखं होईल. ते माझ्याच्यानं होणार नाही."

"मग निदान मला आधी कळू दे."

त्यांनी थोडा विचार केला. "माझ्याकडे बघत राहा. काठी उचलायच्या आधी मी मान हलवीन."

तेवढ्यावर मी निभावून न्यायचं ठरवलं.

लग्नाच्या दिवशी मी बोळे घालून त्यावर पदर ओढून उभी होते. मुलगी केशरी साडीत होती, केसांत मोगरा आणि अबोली. हे मला फोटोंवरून ठाऊक आहे. मुहूर्त जवळ येऊ लागला तशी मी तिच्याकडे बघायची थांबले. माझे डोळे तविलवाल्यांच्या मानेवर होते. मंत्र चालले होते, कुणी हातात अक्षता दिल्या, त्या तळहाताच्या घामानं चिकटल्या. मान हलली. मी अक्षता टाकून कान दाबले, डोळे मिटले.

आवाज समोरून येईल असं मी धरून चालले होते. तविलापुढे माइक ठेवलेला होता आणि त्याचा स्पीकर माझ्या मागच्या खांबावर टांगलेला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो आवाज कानातून आला असं म्हणता येणार नाही. तो मानेतून, दातांतून आला. मी खाली बसले. बायका धावल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला. "आईचं काळीज," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना वाटलं मला आनंदानं भरून आलंय.

डोळे उघडले तेव्हा मंगळसूत्र बांधून झालं होतं.

त्यानंतर ती शीळ खाली उतरलीच नाही. तिच्या जोडीला आणखी एक जाडसर सूर आला, ट्यूबलाइटच्या चोकसारखा. डॉक्टर आता दुसरे होते, वाक्यं तीच.

काही महिन्यांनी फोटोंचा अल्बम आला. त्या क्षणाच्या फोटोत सगळे मुलीकडे बघताहेत. मी एकटीच डोळे घट्ट मिटून, कान दाबून, तोंड वाकडं करून उभी आहे. मी म्हटलं, "हा फोटो काढून टाक गं."

"फोटो काढून टाकून काय होणार, अम्मा?" ती म्हणाली. "त्या वेळी मी तुझ्याकडेच बघत होते."

ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगा झाला. सुंदर आहे, कपाळ माझ्या वडिलांचं. झोपलेला असला की मी त्याला मांडीवर घेऊन बसे. त्याच्या ओठांची हालचाल बदलली की माझे खांदे ताठ होत, आणि तो रडायच्या आधीच मी त्याला कुणाकडे तरी देऊन टाके. एकदा सकाळी तेल लावताना तो माझ्या कानाशी किंचाळला. मी त्याला चटईवर ठेवलं आणि मागच्या अंगणात पळाले. तिथे विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. आत तो रडत होता आणि मला आत जाववत नव्हतं. शेवटी मुलगी न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली.

ती ठरल्यापेक्षा लवकर चेन्नईला जायला निघाली. विहीणबाई तिच्याकडे येऊन राहणार होत्या.

"माझ्यामुळे चाललीस?" मी विचारलं.

ती कपड्यांच्या घड्या करत होती. "तुझा दोष नाही, अम्मा."

"मग राहा ना."

तिनं हातातला लंगोट परत उलगडला, परत घडी केली. "तू त्याच्याकडे घाबरून बघतेस. आता त्याला चेहरे कळायला लागलेत."

यजमानांनी गाडी आल्याचं सांगितलं, हळूच, दारात येऊन. आमच्या घरात आता कुणीच हाक मारत नाही.

रविवारी ती व्हिडिओ कॉल करते. यजमान फोनचा आवाज पूर्ण बंद करून माझ्यासमोर धरतात. पडद्यावर तो हात हलवतो, तोंड मोठं उघडतो, डोळे बारीक करतो. हसतोय की रडतोय, ते मला कळत नाही. मी यजमानांकडे बघते. त्यांनाही ते सांगता येत नाही.