जाणिवेबद्दल मी तिला जे सांगितलं

तिचं नाव मी विचारलं नाही, आणि आता विचारायला तोंडही नाही.

माझे वडील वर्ध्याच्या दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर तिचा नवरा, कारंजाकडचा ट्रक ड्रायव्हर, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता. ती रोज सकाळी त्याची दाढी करायची. गालावर रेझर टेकवण्याआधी हळूच म्हणायची, "हालू नका जी." तो कधीच हलत नसे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो हे कळल्यावर तिने विचारलं, "सर, ह्यायले माहं बोलनं समजत असन काय?"

डॉक्टरांनी तिला आशा नसल्याचं सांगून टाकलं होतं. मीही 'माहीत नाही' म्हणू शकलो असतो. पण मी मेंदूच्या पेशींतल्या सूक्ष्म नळ्यांबद्दल बोललो. तिथेच क्वांटमच्या नियमांनी जाणीव उपजते, ती सहज विझत नाही, असं ठासून सांगितलं. हा निव्वळ तर्क आहे, बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटत नाही, हे गाळलं. ती रेझर हातात धरून ऐकत होती. वर्गात माझं इतकं कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी दीर त्याला घरी न्यायला आला, तर तिने साफ नकार दिला. आठवड्याने तिचा नवरा त्या खाटेवरच गेला.

मी जवळ गेलो. ती रडत नव्हती.

"त्यायले घरीच मरायचं होतं, सर. नेहमी म्हनत. मी नेनारच होती, तुमी सांगतलं म्हनून थांबली. तुमाले खरंच मालूम होतं, का असंच सांगून राह्यले होते?"

मी खिशातून वडिलांच्या औषधांची चिठ्ठी काढली आणि दुकानाकडे निघालो. औषधं सकाळीच आणून झाली होती.