झाकण लावल्यावर

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, असं लोकांना वाटतं. वाटू द्यावं. आमच्या लिनक्सच्या कोपऱ्यात तीन माणसांनी त्या एका गोष्टीपायी डोळ्यांची वाट लावून घेतली, आणि पहिल्या फटक्यात धड झोपलेलं मशीन मी आजवर पाहिलेलं नाही.

कोपरा म्हणजे अगदी कोपराच. फोर्ट कॉलिन्स गावातल्या आमच्या चिप-कंपनीच्या त्या लांबलचक इमारतीत उजेडाची बाजू बड्या टीमची. नवी प्रोसेसर चिप आली की ती बसवलेले पहिले बोर्ड त्यांना, आणि त्यांचं पोट भरलं की उरलेसुरले, पोळलेले, एखादा पाय मोडलेले आम्हाला. मी ते डाग देऊन चालते करायची. ग्रेडन पेल्की त्यांच्यासाठी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीचा कोड लिहायचा. आणि मार्लिस ट्वेट ते झोपवायची आणि उठवायची. तिची नोकरीच ती होती. झाकण लाव, थांब, झाकण उघड, लिहून ठेव.

चिप खरोखर किती वेळ गाढ झोपली होती, याचा आकडा पडद्यावर येतो. तो आम्हा सगळ्यांना वाचता यायचा. तरी मार्लिस मशीन उलटं करून पोटाशी तळहात लावायचीच. गार असलं तर झोपलं. मी हसले की म्हणायची, "नव्या चिपचा आकडा आणि नव्या नवऱ्याचा शब्द, दोन्ही जरा बेतानंच घ्यावेत."

या कामाची खरी गंमत वेगळीच. गंमत म्हणायचं, एवढंच. एखादी चिप शहाण्यासारखी झोपायला लागेपर्यंत ती दुकानातून उठलेली असते आणि टेबलावर तिची धाकटी बहीण आलेली असते, सगळे हट्ट पहिल्यापासून. मार्लिसनं अशा कितीतरी बहिणी वाढवल्या. केस पिकले, गुडघे गेले. तिचा नवरा व्हर्जिल पूर्वी गावाचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. त्याला कंपवात झाला, त्याचे हात थरथरायला लागले, आणि त्याच्या औषधांचा सगळा भार मार्लिसच्या नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर आला. म्हणून ती रोज यायची. आवड वगैरे केव्हाच संपली होती.

त्या वर्षी आलेली चिप लॅपटॉपसाठीही होती आणि मोठ्या वर्कस्टेशनसाठीही, आणि होती महाद्वाड. गाढ झोपायची, पण अधूनमधून उठायचीच नाही. काळा पडदा, बटण दाबून धरा, न साठवलेलं सगळं काम पाण्यात. ग्रेडननं पुष्कळ डोकं आपटलं आणि शेवटी एक तोड काढली. आतल्या एका भागाची वीज बंदच करायची नाही. मशीन दर वेळी टुणकन उठायला लागलं.

उठणारच. ते झोपतच नव्हतं. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण आमच्याकडे सोंगाडेच सगळ्यांत आधी उठतात. पडदा काळा, आत चिप टक्क जागी, बॅटरी गळतेय आणि दप्तरात ठेवलं तर दप्तर गरम.

आता लिनक्स काही कुणाच्या बापाचं नाही. जगभरातून दुरुस्त्या येतात, राखणदार पारखून त्या आत घेतात, आणि प्रत्येकीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि तपासणाऱ्याचंही. एकदा आत गेलेलं नाव पुन्हा निघत नाही. मार्लिसचं नाव असलं की राखणदार फार खोलात शिरत नसत. तेवढी तिची पत होती. ग्रेडनला ते नाव हवं होतं, कारण आमच्या साहेबीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं की चिप बाजारात येण्याच्या आत लिनक्सचं काम 'झालं' नाही, तर कोपरा बंद.

"एवढं एकदा नाव दे, मार्लिस," ग्रेडन म्हणाला. "पुढच्या खेपेला नीट करतो. देवाशपथ."

"पुढच्या खेपेला पुढची चिप येईल, राजा."

"पण उठतंय ना दर वेळी?"

"झोपलंच नाही तर उठेल नाही तर काय! लाव हात. लाव ना! अंडं तळून निघेल त्याच्यावर."

"मला माहीत आहे गं," तो म्हणाला आणि डोळे चोळत बसला.

माहीत सगळ्यांनाच होतं. तेच तर वाईट होतं. लबाडी करायचीसुद्धा कुणात ताकद उरली नव्हती, नुसतं एकदाचं संपवायचं होतं.

तो कॉफीला गेल्यावर मी तिला झापलं. "दे की नाव! संत लागून गेलीस का? कोपरा गेला तर विमा गेला. व्हर्जिलचा तरी विचार कर."

"त्याचाच करतेय." ती स्टुलावर बसली. "तो रात्री झोपत नाही, रॉझ. सकाळी मला कामावर जायचं असतं, माझी झोप मोडू नये म्हणून डोळे मिटून संथ श्वास घेत पडतो. त्याला वाटतं मला कळत नाही. पण कंपवाताची थरथर खऱ्या झोपेत थांबते. त्याचा अंगठा हलत असतो. मग मीही डोळे मिटते, मी फसले असं त्याला वाटावं म्हणून." तिनं मशीनचं झाकण लावलं. "घरी एक सोंग सांभाळते मी. इथं दुसरं नाही झेपत."

तत्त्वाचं भाषण ठोकलं असतं तर मी भांडले असते. मला तिचा राग आला, आणि तिची इतकी कीव आली की मी तोंड फिरवून बोर्ड साफ करत बसले.

तिनं दुरुस्तीखाली सगळ्या जगासमोर लिहिलं: 'झाकण लावल्यावर पडदा काळा होतो. मशीन झोपत नाही. मार्लिस ट्वेट.' राखणदारानं दुरुस्ती परत पाठवली. एप्रिलच्या अवकाळी बर्फात कोपरा बंद झाला. ग्रेडनला आणि मला दुसऱ्या मजल्यावर सामावून घेतलं. मार्लिसला आपलं सामान भरून न्यायला खोकी दिली.

चिप बाजारात आली. उन्हाळाभर बरं चाललं. मग एका मोठ्या गिऱ्हाइकानं शेकड्यानं वर्कस्टेशनं घेतली, सगळ्यांवर लिनक्स चढवलं, आणि मशीनं उठेनात. तेव्हा साहेबीणबाईंना आमचा कोपरा आठवला. ग्रेडनला खरी दुरुस्ती करायला बसवलं आणि मला मार्लिसकडे पिटाळलं, कारण ती फोन उचलत नव्हती. नोकरी परत, विमा परत.

शनिवारी दुपारी खायला हिरव्या मिरचीचे गरम बरिटो घेऊन तिच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. व्हर्जिल आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता आणि मार्लिस शेजारी जमिनीवर, पाठ खुर्चीला टेकून, त्याच्या हातावर हात ठेवून बसली होती. मी तोंड उघडणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलाय," ती कुजबुजली. "खरा."

मी वाकून पाहिलं. अंगठा निश्चल होता. तोंड किंचित उघडं, हनुवटीवर लाळ.

"मी घरी राहायला लागल्यापासून झोपतो. दुपारी. मला कुठं जायचं नसतं ना, मग सोंग कशाला घेईल?"

मी निरोप सांगितला, जमेल तेवढ्या हळू आवाजात. चांगली बातमी म्हणून आणली होती, पण सांगता सांगताच ती माझ्या तोंडात कडू झाली. नोकरी सुटताना कंपनीनं काही महिने वाढवून दिलेला तिचा जुना विमा महिनाअखेर संपत होता. मला माहीत होतं आणि तिलाही. मार्लिसनं दुसऱ्या हातानं त्याच्या हनुवटीवरची लाळ अलगद टिपली.

"सोमवारी येते म्हणून सांग," ती म्हणाली.

तिनं हात काढला नाही. बरिटो गार झाले. तो उठेपर्यंत आम्ही दोघी तिथंच जमिनीवर बसून राहिलो.